यंत्राची नाडी आणि पावाचा हिशेब

संगणकाच्या कामगिरीवर सतत नजर ठेवणे आणि ती सुधारत राहणे, ही आज प्रत्येक बँकेची, विमा कंपनीची, रेल्वेची रोजची गरज आहे. या विद्येचा उगम शोधताना आपण सहसा विद्यापीठांच्या प्रयोगशाळांकडे पाहतो. माझ्या मते तो लंडनमधल्या चहा-पाव विकणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत शोधायला हवा.

जे. लायन्स अँड कंपनी ही चहाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होती. केक, पाव, चहा यांचा नफा पै-पैशांत मोजायचा, म्हणून कारकुनी खर्चावर तिची बारीक नजर असे. जॉन सिमन्स हा केंब्रिजचा गणिती तिने 1923 मध्ये नोकरीत घेतला होता. कचेरीतले प्रत्येक काम किती वेळ खाते आणि ते मुळात लागते का, हे तपासणारा स्वतंत्र विभागच कंपनीत होता. म्हणजे मोजण्याची सवय संगणकाच्या कितीतरी आधीची. 1947 मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेला गेले. तिथे त्यांना समजले, की आपल्याच देशात केंब्रिजला मॉरिस विल्क्स ‘एडसॅक’ नावाचे यंत्र बांधत आहेत. लायन्सने त्या कामाला पैशांची मदत केली आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले : ‘लिओ’, अर्थात लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. 1951 च्या नोव्हेंबरपासून बेकरीच्या मालाचे मूल्यांकन त्यावर नियमित होऊ लागले.

गणित्याचे यंत्र आणि कचेरीचे यंत्र यांत मूलभूत फरक होता. गणित्याचे आकडे थोडे, आकडेमोड फार. कचेरीचे नेमके उलट. लिओची एक आज्ञा साधारण दीड मिलिसेकंदात पुरी होई. घोडे अडले ते आकडे आत घेण्यापाशी आणि उत्तरे बाहेर छापण्यापाशी. मुख्य अभियंता जॉन पिंकर्टन याने आत-बाहेरच्या प्रत्येक वाटेवर तात्पुरती साठवण ठेवली. त्यामुळे एकीकडे कार्डे वाचली जात असताना दुसरीकडे गणित चालू राही. सगळे यंत्र वेगवान करण्यापेक्षा काम नेमके कुठे खोळंबते ते शोधून तेवढेच मोकळे करावे, हा कामगिरी-व्यवस्थापनाचा पहिला धडा इथे स्पष्ट दिसतो.

दुसरा धडा विश्वासाचा. यंत्रात हजारो व्हॉल्व्ह होते आणि त्यांतला एखादा कधीही दगा देई. म्हणून काम सुरू करण्याआधी विजेचा दाब मुद्दाम थोडा वर-खाली करून यंत्राची परीक्षा घेतली जाई. जो व्हॉल्व्ह थकत आला असेल तो या ताणाखाली उघडा पडे आणि ऐन कामात बंद पडण्याआधीच बदलला जाई. यंत्राला एक ध्वनिवर्धकही जोडलेला होता. प्रत्येक कामाचा आवाज ओळखीचा झाला, की सूर बदलताच चालकाचे कान टवकारत. आजच्या पडद्यांवरच्या आलेखांची ही पूर्वज नाडीपरीक्षाच होय.

एवढी काळजी का, याचे उत्तर पगारपत्रकात आहे. अनुभवी कारकुनाला एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करायला आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे. पण पगार आठवड्याचा. यंत्र ऐन वेळी आजारी पडले असते, तर हजारो घरांची चूल अडली असती. म्हणूनच 1954 च्या सुरुवातीला पगाराचे काम यंत्राकडे पूर्णपणे सोपवण्याआधी कारकुनांचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब समांतर चालवून ताळा पाहिला गेला. पुढे फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्यानेही आपले पगारपत्रक याच यंत्राकडून करून घेतले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते 1954 मधलेच तिसरे काम. दुकानांच्या रोजच्या मागण्या यंत्रावर घेताना डेव्हिड कॅमिनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी साठवून ठेवली. दुकानाच्या व्यवस्थापिकेने दूरध्वनीवर सांगायचा तो फक्त फरक. आत येणारे आकडेच कमी झाले. यंत्राला हातही न लावता काम हलके झाले, कारण कामाची मांडणीच बदलली होती.

एका बँकेच्या संगणक विभागात मी बरीच वर्षे काढली. पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे आणि काउंटरसमोर रांग ताटकळत उभी, हे दृश्य मला नवे नाही. अशा वेळी यंत्राचा प्रोसेसर किती टक्के मोकळा आहे हे सांगून कोणाचे समाधान होणार? लिओच्या माणसांनी मोजमाप बेकरीच्या दारापासून सुरू केले : माल वेळेत निघाला का, पगार वेळेत आणि बिनचूक हाती पडला का. यंत्राचे आकडे त्यानंतर येत, आणि या प्रश्नांची उत्तरे शोधण्यापुरतेच.

लिओचे पहिले यंत्र 1965 मध्ये बंद झाले. त्याची स्मृती होती अवघी 2,048 शब्दांची. आज खिशातल्या मोबाइलपुढे ती नगण्य ठरते. मात्र पाव खाणाऱ्यापासून आणि पगार घेणाऱ्यापासून मोजायला सुरुवात करायची ही त्याची रीत जुनी झालेली नाही. आपल्या कचेऱ्यांतून ती रुजली, तर रांगेतल्या माणसाचा वेळही कुठेतरी नोंदला जाईल.