विषाची मात्रा आणि राखून ठेवलेली मज्जा : लिम्फोमावरील एका उपचाराचा इतिहास (थ्रेड)

१.
१९४३. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील कुंडल आणि परिसरात (आज हे गाव सांगली जिल्ह्यात येते) क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे प्रतिसरकार ब्रिटिश सत्तेला आव्हान देत होते. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री जर्मन विमानांनी इटलीतील बारी बंदरावर बॉम्बहल्ला केला. या बंदरातून ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याला रसद जात असे आणि त्या सैन्यात मराठा पलटणींचे जवानही लढत होते.

२.
बंदरातील ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते. ही गोष्ट इतकी गुप्त होती की जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही तिची कल्पना नव्हती. सहाशेहून अधिक जण विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. चौकशीसाठी आलेल्या डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांनी एक बाब नेमकी टिपली : बाधितांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत होत्या.

३.
केमोथेरपीचा जन्म बारीच्या दुर्घटनेतून झाला, असे सर्रास सांगितले जाते. कालक्रम मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन नायट्रोजन मस्टर्डवर आधीपासूनच काम करत होते. ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे बारीच्या सव्वा वर्ष आधी, लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला हे द्रव्य देण्यात आले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाले नाही. बारीने त्या कामाला बळ दिले, जन्म नव्हे.

४.
त्या पहिल्या रुग्णाच्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. पण त्या पुन्हा उद्भवल्या. पुढच्या मात्रांनी त्याच्या अस्थिमज्जेचीही हानी झाली आणि १ डिसेंबर १९४२ रोजी त्याचा मृत्यू झाला. पुढील पन्नास वर्षांचा पेच या एकाच रुग्णात दिसतो. मात्रा कमी पडली तर कर्करोग परततो. वाढवली तर मज्जा मरते.

५.
असे का होते? नायट्रोजन मस्टर्ड डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडते. धागे सुटे झाल्याखेरीज पेशीचे विभाजन होत नाही, म्हणून वेगाने विभागणाऱ्या पेशी आधी मरतात. लिम्फोमाच्या पेशी तशाच असतात आणि रक्त घडवणारी मज्जाही तशीच. औषधाला शत्रू आणि आप्त यांतला भेद कळत नाही.

६.
यावरचा तोडगा ऐकायला साधा आहे : मज्जा आधीच काढून सुरक्षित ठेवायची. रुग्णाच्याच रक्तजनक मूलपेशी गोळा करून अतिशीत तापमानात गोठवतात. मग एरवी प्राणघातक ठरेल एवढ्या मात्रेत औषधे देतात. औषधांचा अंमल शरीरातून ओसरला की त्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. त्या आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन वसतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवे रक्त घडवू लागतात. मधले दिवस जंतुसंसर्गाच्या भीतीचे असतात.

७.
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘स्टेम सेल प्रत्यारोपण’ या नावामुळे पेशीच रोग बरा करतात असे वाटते. स्वतःच्याच पेशी परत देण्याच्या या पद्धतीत रोगाशी लढते ते औषध. पेशी केवळ रुग्णाला त्या औषधातून तारून नेतात. प्रचलित ‘बीम’ औषधयोजनेतील चार औषधांपैकी मेल्फलान हे तर नायट्रोजन मस्टर्डचेच वंशज!

८.
महाराष्ट्रात या विद्येचे दार मुंबईत उघडले. १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी. मज्जा तिच्या भावाची. बालपणी पोलिओ झाल्याने डॉ. अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत. ही मज्जा दुसऱ्याची होती, म्हणून पद्धत वेगळी. पण मज्जा नष्ट झाल्यावर रुग्णाला जगवण्याची शिस्त दोन्हींत समान.

९.
तरीही प्रश्न उरला : एवढी जोखीम घेऊन रुग्ण खरोखर अधिक जगतात का? ‘पार्मा’ चाचणीने १९९५ मध्ये उत्तर दिले. लिम्फोमा उलटलेल्या, पण औषधांना प्रतिसाद देणाऱ्या १०९ रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारात ३२ टक्के, तर उच्च मात्रा आणि प्रत्यारोपणात ५३ टक्के आढळले.

१०.
त्याच काळात ‘अधिक मात्रा म्हणजे अधिक लाभ’ या विश्वासाने स्तनाच्या कर्करोगाच्या हजारो स्त्रियांनाही हा उपचार देण्यात आला. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्नर बेझवोडा यांचे निकाल तेवढे उत्साहवर्धक होते. तपासणीत गैरप्रकार उघड झाले आणि बेझवोडा यांनी ते मान्य केले. जी युक्ती लिम्फोमात तारक ठरली, तिने येथे अनेकींना केवळ यातना दिल्या.

११.
दोन्हीकडे तर्क तोच आणि डॉक्टरांची तळमळही तीच. फरक दाखवला तो तुलनेने. पार्माच्या रुग्णांनी आपला उपचार चिठ्ठीवर सोपवला, म्हणून पुढच्यांना खात्रीचे उत्तर मिळाले. आज कुंडलसारख्या गावातून लिम्फोमा उलटलेला रुग्ण मुंबईला जातो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या सल्ल्यामागे १९४२ चा तो पहिला रुग्ण असतो, हे १०९ जणही असतात आणि ज्यांना लाभ झाला नाही त्या स्त्रियाही असतात.