काडतूस पुनर्भरण
काडतूस पुनर्भरण : वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी (दारू पेटविणारा भाग), दारू व गोळी बसवून पिस्तूल वा रायफलीचे काडतूस पुन्हा तयार करण्याची क्रिया.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची काडतुसे रूढ झाल्यावर ही पद्धत पसरली. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या टोपीरचनेत (१८६६) पुंगळीच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र असल्याने जळालेली टोपी सुईने ढकलून काढणे सोपे झाले. अमेरिकेत १८८४ मध्ये जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीने हाताची अवजारे बाजारात आणली.

बार उडताना फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाची करतात. नंतर टोपी, मोजलेली धूरहीन दारू [→ दारू, बंदुकीची] व गोळी क्रमाने बसवितात. दारूची मात्रा जास्त झाल्यास दाब वाढून बंदूक फुटू शकते. म्हणून प्रमाणित कोष्टके पाळतात.

खर्चात बचत, नेमबाजीतील अचूकता [→ नेमबाजी] व उत्पादन थांबलेल्या काडतुसांची उपलब्धता हे पुनर्भरणाचे उपयोग होत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी संघीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा बनविणे गुन्हा आहे [→ काडतूस, रायफल].