मातीत घडलेला शोक
पश्चिम मेक्सिकोतील प्राचीन समाधी-शिल्पे

गुडघे छातीशी घेतलेले, हात गुडघ्यांवर आडवे टाकलेले आणि मान त्या हातांवर कललेली. जगभरातील अनेक संग्रहालयांत पश्चिम मेक्सिकोतील अशा पोकळ मृण्मय आकृती ठेवलेल्या आहेत. त्यांच्यापुढील पाटीवर बहुधा एकच शब्द असतो : शोकमग्न. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांनी दुःख चेहऱ्यापेक्षा देहाच्या ठेवणीतून व्यक्त केले, असे मानले जाते. मात्र हा अर्थ कितपत खरा, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांना आजही सतावतो.

विहिरीच्या तळाशी समाधी

हालिस्को, नायारित आणि कोलिमा या राज्यांत साधारणतः इ.स.पूर्व ३०० ते इ.स. ४०० या काळात मृतांना पुरण्याची वेगळी रीत होती. कठीण भूस्तरात विहिरीसारखा उभा खड्डा खोदला जाई आणि त्याच्या तळाशी एक किंवा अधिक दालने कोरली जात. त्यांत मृतांसोबत भांडी, शंख, दागिने आणि मातीच्या आकृती ठेवल्या जात. या आकृती हाताने घडवून, रंगीत मातीचा लेप देऊन व घोटून भाजलेल्या असत. कोलिमाचे गुबगुबीत कुत्रे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होत.

अंत्ययात्रेची दृश्ये

नायारितमधील इश्तलान देल रिओ परिसराच्या शैलीत घरे, मेजवान्या आणि मिरवणुका यांचे छोटे देखावे आढळतात. काही देखाव्यांत लोक मृतदेह वाहून नेताना दिसतात. काहींत रांगेतील माणसांच्या गालांतून एकच लांब काठी आरपार गेलेली असते. हा शोकविधी असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर येथे शोक ही एकट्याची व्यथा राहत नाही. सारा समूह ती आपल्या देहावर वाहतो.

हरवलेला संदर्भ

अडचण अशी, की यांतील बहुसंख्य आकृती पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, तर लुटारूंनी बाहेर काढल्या. कोणती आकृती कोणाच्या शेजारी होती, तिचे तोंड कोठे होते, याची नोंदच राहिली नाही. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी अशा असंख्य वस्तू जमवल्या. त्यांचा संग्रह मेक्सिको सिटीतील अनाहुआकाली संग्रहालयात असून ते १९६४ साली खुले झाले. या शिल्पांना पूर्वी 'तरास्कन' म्हटले जाई. प्रत्यक्षात तरास्कन राज्य त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी उदयास आले. मेक्सिकोने १९७२ च्या कायद्याने असे अवशेष राष्ट्राच्या मालकीचे ठरवले, पण तोवर फार उशीर झाला होता.

वित्सिलापाची साक्ष

म्हणूनच १९९३ मध्ये हालिस्कोतील वित्सिलापा येथे सापडलेली अभंग समाधी मोलाची ठरली. लोरेन्झा लोपेझ मेस्तास आणि होर्हे रामोस यांनी तिचे उत्खनन केले. सुमारे ७.६ मीटर खोल विवराच्या तळाशी दोन दालने होती आणि त्यांत सहा जण पुरलेले होते. सर्वाधिक अलंकार सुमारे ४५ वर्षांच्या एका पुरुषाच्या अंगावर होते. काहींच्या मानेच्या मणक्यांत सारखाच जन्मजात दोष आढळला. त्यावरून ते एकाच कुळातील असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. भांड्यांत अन्नाचे अवशेषही होते.

येथे आकृतीचा अर्थ पाटीवरून लावावा लागत नाही. हाडे, अन्न, दागिने आणि शिल्पे एकत्र पाहता आप्तांनी आप्तांना दिलेल्या निरोपाचे चित्र उभे राहते. लुटलेल्या समाधीतील आकृती मात्र मान कलवून बसलेली दिसते. ती कोणासाठी, हे सांगणारा पुरावा तिला बाहेर काढणाऱ्या हातांनीच नष्ट केला आहे.