न दिसणं आणि न ऐकू येणं

बिशानला समुद्र नाही. सिंगापूरच्या नकाशात साधारण मधोमध असलेलं हे उपनगर. एकेकाळी इथे चिनी लोकांची भलीमोठी दफनभूमी होती, आता उंच इमारती आणि दोन मेट्रो मार्गांचं जंक्शन आहे. पण या देशात कुठूनही तासाभरात पाण्यापर्यंत पोचता येतं. अशाच एका रविवारी आमचे शेजारी आणि आम्ही मिळून फेरीने बाटामला चाललो होतो, तेव्हा बाजूने एक राखाडी जहाज गेलं. सगळ्या भिंती तिरप्या, कुठे जाळ्या नाहीत, शिड्या नाहीत. शेजाऱ्यांचा मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत आहे, तोही नौदलात. ते अभिमानाने म्हणाले, "हे रडारवर दिसतच नाही."

मी मान डोलावली. पण मंडळी, हे काही खरं नाही. जहाज दिसतं, फक्त आहे त्यापेक्षा बरंच लहान दिसतं. कॅरमचा स्ट्रायकर कडेवर सरळ मारला की तो सरळ आपल्याकडे परत येतो, तिरपा मारला की भलतीकडे जातो. रडारच्या लहरींचंही तसंच. भिंत तिरपी केली की लहर पाठवणाऱ्याकडे परतणारा भाग कमी होतो. स्टेल्थची अर्धी जादू एवढीच. उरलेली अर्धी पाण्याखाली आहे, आणि आपल्या देशाने तिची किंमत मोजलेली आहे. पण ते पुढे.

आम्ही पाहिलं ते इंडिपेंडन्स वर्गातलं. २०१७ पासून अशी आठ जहाजं इथल्या नौदलात आली. लांबी ८० मीटर, वजन सुमारे १,२०० टन, म्हणजे आकाराने कॉर्व्हेटच. मूळ खलाशीवर्ग अवघा २३ जणांचा! सिंगापूरमध्ये मुलंच कमी जन्माला येतात, त्यामुळे जहाजाच्या आराखड्यातच माणसं वाचवावी लागली. जहाज हाकण्याची, लढण्याची आणि इंजिनांवर लक्ष ठेवायची जागा त्यांनी एकाच खोलीत आणली.

त्याच्या डेकवरचा इमला मात्र स्वीडनचा. कार्लस्क्रोना या गावात कोकुम्स नावाची जुनी गोदी आहे, तिथे कंपोझिटचं काम होतं. याच गावाजवळ ऑक्टोबर १९८१ मध्ये एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर चढून बसली होती. शेजाऱ्याची पाणबुडी थेट नाविक तळाच्या दारात! त्यानंतर स्वीडनने पाणबुड्या शोधण्याचा ध्यासच घेतला. २००० साली पाण्यात उतरलेली व्हिस्बी ही कॉर्व्हेट त्याच काळाचं अपत्य. ७३ मीटर लांब, ६४० टन, सांगाडा पूर्ण कार्बन फायबरचा. तोफेची नळीसुद्धा वापर नसताना आत दुमडून ठेवता येते. (कार्बन फायबर रडार गिळून टाकतं असं पुष्कळांना वाटतं. उलट ते विजेचं वाहक असल्याने धातूसारखंच परावर्तन करतं. भिंती तिरप्या कराव्याच लागतात.)

त्याच कार्लस्क्रोनाहून कंपोझिट इमल्याचे भाग कलकत्त्यालाही गेले. गार्डन रीच गोदीत बांधलेल्या कामोर्ता वर्गातल्या चार कॉर्व्हेटपैकी किल्तान (२०१७) आणि कवरत्ती (२०२०) या दोन जहाजांवर ते बसवले आहेत. कवरत्ती नौदलात दाखल झाली ती आपल्या पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते. इमला हलका करण्याचं कारण एसटीच्या टपावर सामान चढवणाऱ्या कुणालाही कळेल. वर वजन जास्त झालं की वळणावर गाडी कलते. फक्त कंपोझिट पोलादी डेकला वेल्ड करता येत नाही, आणि खरी इंजिनिअरिंगची डोकेदुखी त्या सांध्यातच असते.

पण या जहाजांचं मुख्य काम पाणबुडी शोधणं. इथे रडारपेक्षा कान महत्त्वाचे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी शोधत होत्या. सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग खुकरीवर चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवला होता, असं नौदलाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. कारण साधं आहे: जहाज जितका स्वतः गोंगाट करतं, तितकं त्याला कमी ऐकू येतं. ऐकायचं तर हळू जा, आणि हळू गेलात की सोपं लक्ष्य व्हा. बॅटरीवर चालणाऱ्या पाणबुडीला हा पेच जवळपास नसतोच. हंगोरने आधी ऐकलं. टॉर्पेडो लागल्यावर खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

माझं काम यंत्रांच्या कंपनांचं, म्हणून हा प्रसंग मला कधी नुसती शौर्यकथा म्हणून वाचता आला नाही. कामोर्ता वर्गात गिअरबॉक्स तराफ्यासारख्या वेगळ्या चौकटीवर बसवलेला आहे. आई मिक्सरखाली पंचाची घडी ठेवायची, तोच विचार. थरथर ओट्यापर्यंत पोचू नये, इथे ती तळाच्या पत्र्यातून पाण्यात जाऊ नये. अशा जहाजाला ऐकण्यासाठी तितकं हळू जावं लागत नाही. अर्थात नुसत्या शांततेनेही भागत नाही. २०१४ मध्ये कामोर्ता दाखल झाली तेव्हा पाण्यात मागे ओढायचा लांब पल्ल्याचा सोनार तिच्यावर नव्हता. पाणबुडी शोधायच्या जहाजाच्या बाबतीत मला हे अजूनही पटत नाही.

कामोर्ताची तारीख होती २३ ऑगस्ट. १९८९ साली याच तारखेला माझगाव गोदीत बांधलेली नवी खुकरी, तीही कॉर्व्हेटच, नौदलात आली होती. ती २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि दीवला संग्रहालय म्हणून दिली गेली, जुन्या खुकरीच्या स्मारकाच्या गावी.

मे २०२४ मध्ये किल्तान सिंगापूरला येऊन गेली. बातमी मी शेजाऱ्यांना दाखवली आणि सांगितलं, हिच्या डोक्यावरचं टोपडं आणि तुमच्या जहाजाचं टोपडं एकाच गावचं. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, "तुमच्या या जहाजावर माणसं किती?" शंभराहून जास्त, म्हटल्यावर त्यांना खरंच नवल वाटलं.