मॅनर हाऊसला मराठी शब्द कोणता?

उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई शाळेत इंग्रजी शिकवतात. धड्यात आलेल्या ‘मॅनर हाऊस’चा अर्थ मुलांना कसा सांगावा, असे त्यांनी एकदा विचारले. ‘आपल्या सोनेरी महालासारखे काहीतरी’, असे मी सांगून मोकळा झालो. उत्तर चुकले होते. ते का चुकले हे कळायला मला पुष्कळ वाचावे लागले, त्याचीच ही हकिकत.

मॅनर ही मुळात इमारत नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदाराच्या ताब्यातील जमीन, तीवर राबणारी कुळे आणि त्यांच्यावरचे त्याचे हक्क या सर्वांना मिळून मॅनर म्हणत. या कारभाराचे ठाणे असलेले घर ते मॅनर हाऊस. त्याचा मुख्य भाग म्हणजे एक प्रचंड दालन. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या घराचे दालन १३४१ च्या सुमाराचे आहे. छताला चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया आणि जमिनीच्या अगदी मधोमध अष्टकोनी अग्निकुंड! धुराडे नाही, धूर वर चढून छतातील झरोक्यातून बाहेर जाई. अशा दालनांत एका टोकाला धन्याचे मेज उंच ओट्यावर असे, तर दुसऱ्या टोकाला कोठीची आणि स्वयंपाकघराकडे जाणारी दारे. धनी आणि नोकर एकाच आगीच्या उबेला जेवत, पण कोणी कुठे बसायचे हे ठरलेले असे. कुळांचे तंटेही बहुधा इथेच चालत. पुढे भिंतीतली धुराडी आली, खोल्या वेगवेगळ्या तापवता येऊ लागल्या, आणि धन्याचे कुटुंब दालनातून उठून आपापल्या खोल्यांत गेले.

पेन्सहर्स्ट १५५२ पासून आजपर्यंत सिडनी घराण्याकडे आहे. थोरल्या मुलाकडे सगळी मालमत्ता जाण्याच्या रिवाजामुळे अशी घरे वाटण्यांत मोडली नाहीत. प्रत्येक पिढीने एखादी खोली वाढवली आणि जुने दालन तसेच ठेवले.

आता सोनेरी महाल. आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी तो उभा आहे. उंच जोते, दगड-चुन्याचे बांधकाम. भिंतींवर एके काळी सोनेरी चित्रकाम होते म्हणून हे नाव, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या मध्यात औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेला सरदाराने, ओरछाच्या पहाडसिंहाने, तो बांधला. भोवतालच्या वस्तीला आजही पहाडसिंगपुरा म्हणतात. सरदाराचे घर आणि त्याच्या नावाची वस्ती, इथवर मॅनरशी साम्य आहे.

पण पहाडसिंह इथे नोकरीवर होता! मोगल मनसबदाराला पगारापोटी जहागीर मिळे. ती सहसा तीन-चार वर्षांनी बदले, आणि मेल्यावर मुलाला तीच मिळेल याची खात्री नसे. (शिक्षकांना बदलीचे दुःख मी समजावून सांगायला नको.) जमीन सरदाराच्या मालकीची नसल्यामुळे ती सुधारण्यात कोणाला रस नाही, असे फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच डॉक्टरने त्याच शतकात लिहून ठेवले. इतिहासकारांना त्याचे चित्र फार भडक वाटते, आणि ते बरोबरही आहे. बुंदेला किंवा राठोड राजांचे पिढीजात वतन शाबूत होतेच. मात्र ते होते ओरछाला, बिकानेरला. इथला महाल म्हणजे, फार भपकेबाज असले तरी, बदलीच्या गावचे बिऱ्हाड.

एक उदाहरण मात्र या तर्काला अडवते. उस्मानपुऱ्याजवळचा पदमपुरा आणि नवरात्राच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला कर्णपुरा ही नावे बिकानेरच्या राजघराण्यावरून आली. राजा कर्णसिंह १६६९ मध्ये इथेच वारला. त्या वस्त्यांची जमीन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बिकानेरकडेच होती; मग ब्रिटिशांनी पंजाबातील गावे बदल्यात देऊन ती घेतली. म्हणजे मालकी दोनशे वर्षांहून अधिक टिकली, तरीही मॅनर हाऊस उभे राहिले नाही. मालक राहत होता बिकानेरला! तेव्हा नुसती मालकी पुरत नाही, मालकाने त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहावेही लागते.

या दोन्ही अटी पुरे करणारे घर आपल्याकडे आहे, आणि ते शहरात नाही. ती देशमुख-पाटलांची गढी. वतन वंशपरंपरेचे, राहणे गावातच, वसूल तिथेच जमा होणार, धान्याची पेवे आणि विहीर तटाच्या आत, तंटे सदरेवर. मॅनर हाऊसशी याहून जवळचे नाते कशाचे असेल? फरक पडतो वारशात. आपल्याकडे वतन सगळ्या भावांत वाटले जाई, त्यामुळे गढीतही भिंती पडत गेल्या. निजाम राज्यात १८६० च्या दशकातील सालारजंगाच्या सुधारणांनी वसुलीचे काम देशमुखांकडून काढून घेतले आणि गढीचे कामच संपले. त्यानंतर लोकांनी तिची पांढरी माती माळवदावर टाकायला नेली. अजूनही नेतात.

हवामानाचाही फरक बघा. तिकडचे घर आगीभोवती रचलेले, इकडचे उन्हाविरुद्ध. भिंतीवर पडलेली दुपारची उष्णता आत लाटेसारखी सरकते. अर्धा मीटर जाडीची दगडी भिंत ओलांडायला तिला साधारण अकरा-बारा तास लागतात आणि तोवर चढउतार विसाव्या हिश्श्यावर येतो. मातीच्या भिंतीत ती याहूनही हळू जाते. गढीच्या भिंती तर अनेकदा याच्या दुपटीहून जाड असतात, म्हणून वैशाखातही आत दिवसरात्र जवळजवळ सारखेच तापमान असते.

हे वर्गाला स्वतः तपासता येईल. दोन तापमापक, एक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या, दर दोन तासांनी नोंद आणि आलेखाचा कागद. जोडीला लांब टेप आणि होकायंत्र घेतले तर गढीचा आराखडाही काढता येईल. सोनेरी महाल संरक्षित स्मारक आहे, तिथे आता वस्तुसंग्रहालय आहे. गढ्यांपैकी बहुतेकींचे साधे मोजमापही झालेले नाही, आणि दर पावसाळ्यात त्यांची भिंत थोडी खचते.

शेजारच्या बाईंना मी सुधारलेले उत्तर सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ‘गढी’ म्हणताच तीन हात वर आले. त्या मुलांच्या गावी गढी होती. एकाच्या आजोबांचे घर तिच्याच मातीचे होते.