बर्लिनचं टेम्पलहोफर फेल्ड : कुत्री, शेगडी आणि आपण वडीलधारी

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं आता परदेशी असतात आणि उन्हाळ्यात आपणही त्यांच्याकडे जातो. माझा मुलगा बर्लिनला आहे. पहिल्या खेपेला तो म्हणाला, "आई, रविवारी टेम्पलहोफर फेल्डवर जाऊन कोंबडी भाजू." तिथे कुत्री मोकळी असतात असं नातीकडून कळलं आणि मी नको म्हटलं. नोकरीत असताना पिसाळलेला कुत्रा चावलेला एक मुलगा मी शेवटपर्यंत पाहिला आहे. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळायचा. दोन रविवार मी घरी एकटी बसले. मग माहिती काढली, ती इथे देते.

जागा. हा पूर्वीचा विमानतळ. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा अन्न आणि कोळसा घेऊन विमानं इथेही उतरत. विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० साली मैदान लोकांसाठी उघडलं. २०१४ साली बर्लिनकरांनी मतदान करून इथलं बांधकाम नाकारलं. क्षेत्र ३०० हेक्टरांहून जास्त आहे. धावपट्ट्या सपाट असल्याने चाकांची खुर्ची सहज चालते. सावली मात्र जवळजवळ नाही, वारा भरपूर. टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची सोबत न्यावी. संध्याकाळी दरवाजे बंद होतात, म्हणून वेळ विचारून घ्यावी.

कुत्री. त्यांना मोकळं सोडायला कुंपण घातलेल्या वेगळ्या जागा आहेत. बाकी मैदानात पट्टा लागतो. बर्लिनमध्ये कुत्रा पाळणाऱ्याला कर भरावा लागतो आणि विमाही काढावा लागतो. कुत्र्या-कोल्ह्यांमधल्या रेबीजपासून जर्मनी २००८ साली मुक्त जाहीर झाला. वटवाघळांत तो अजून आढळतो, म्हणून पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये. कुत्रा जवळ आला तर पळू नका. स्थिर उभे राहा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसं आधी सांगा. तिथला तातडीचा नंबर ११२ आहे.

शेगडी. कोळसा पेटवायचा तो ठरवून दिलेल्या जागीच. शेगडी आणि जाळी आपलीच न्यावी. शेजारी डुकराचे सॉसेज भाजत असतात, त्यामुळे उसनी जाळी आपल्याला चालत नाही. शब्बाथला अग्नी नको, म्हणून आमचा वार रविवार. कोंबडी कोशेर दुकानातली. दह्याऐवजी लिंबू, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि थोडं नारळाचं दूध लावून ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते आणि बर्फाच्या डब्यातून नेते. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा ठेवावा. भाजलेली हाडं, कांदा, द्राक्षं कुत्र्याला देऊ नयेत. त्याने अपाय होतो, आणि मालकाला विचारल्याशिवाय काहीच देऊ नये.

भाजलं तर. लगेच २० मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. थंडी वाजली म्हणून धुमसती शेगडी तंबूत किंवा गाडीत घेऊ नका. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. निखारे पाण्याने पूर्ण विझवा. गवतात बसला असाल तर घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागे गोचीड लागली आहे का ते पाहा.

तिसऱ्या रविवारी मी गेले. नातीचा हात धरून कुंपणाबाहेर उभी राहिले आणि आतली कुत्री पाहिली. आत जायची सक्ती कुणी करत नाही. मी अजून आत गेलेले नाही, पण आता रविवारी घरीही बसत नाही.