हळव्या माणसाचा पुरुषार्थ

साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्या समीक्षेत 'हळवे', 'भावविवश', 'रडके' ही विशेषणे हटकून येतात. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे मात्र आपण सहज विसरतो. ज्या अश्रूंना आपण दुबळेपणा म्हणतो, ते एका सत्याग्रही कैद्याचे होते.

त्या हळवेपणाची कसोटी लागली ती पंढरपुरास. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले, लोकांची मने वळवली आणि १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषणास बसले. गांधीजींनी उपोषण सोडण्यास कळवले. ज्यांना आयुष्यभर मानले त्यांचाच शब्द नम्रपणे बाजूस ठेवणे हे सनातन्यांशी झुंजण्याहून अवघड. गुरुजी ढळले नाहीत. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच उपोषण सुटले.

शौर्य पुरुषाचे आणि वात्सल्य आईचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. गुरुजींनी ती मानली नाही. आईकडून मिळालेली माया त्यांनी चव्हाट्यावर आणली. माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणारी भक्ती त्यांना भक्तीच वाटली नाही. म्हणून आम्हांस वाटते, त्यांच्या गद्यातील भावविवशता जरूर दाखवावी; पण त्याच भावनेने एक बंद दार उघडले, हेही त्याच परिच्छेदात नोंदवावे.